टाइमस्टॅम्पचे बाइट राहू द्या, आधी फ्रेम कमी करा

तुमची अडचण थोडक्यात अशी: ८०२.१५.४ चं (कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या रेडिओंच्या मानकाचं) नेटवर्क, एक गेटवे (मधलं मुख्य उपकरण), बॅटरीवर चालणारे ६० नोड (छोटी उपकरणं). प्रत्येक नोड दर सेकंदाला गेटवेला वेळ विचारतो आणि घड्याळातला फरक व विलंब काढतो. चॅनेल तुंबतोय म्हणून टाइमस्टॅम्प (संदेशात लिहिलेली वेळेची नोंद) ८ बाइटवरून ४ वर आणले, तरी फरक पडला नाही. वेळेत १ मिलिसेकंदाची चूक चालेल, असंही तुम्ही लिहिलंय.

फरक पडणारच नव्हता. २.४ गिगाहर्ट्झवर २५० केबीपीएस, म्हणजे एका बाइटला ३२ मायक्रोसेकंद. ३० बाइटची फ्रेम (एका वेळी हवेत जाणारा संदेश) आणि तिच्यापुढचे प्रीअँबल (फ्रेम येतेय ही खूण) वगैरेचे ६ बाइट मिळून ११५२ मायक्रोसेकंद झाले. रेडिओ पाठवण्यावरून ऐकण्यावर पलटायला १९२, अ‍ॅकला (पोचपावतीला) ३५२. म्हणजे एका फ्रेममागे चॅनेल जवळजवळ १.७ मिलिसेकंद अडकतो, आणि त्याआधी नोड बॅकऑफमध्ये (पाठवण्याआधीच्या यादृच्छिक थांब्यात) सरासरी १.१ मिलिसेकंद ताटकळतो ते वेगळंच. यातले तुम्ही वाचवले १२८ मायक्रोसेकंद! विनंती आणि उत्तर धरून सेकंदाला १२० फ्रेम होतात, म्हणजे चॅनेलचा पाचवा हिस्सा नुसता वेळ विचारण्यात जातो. टकरी आणि रीट्राय यात धरलेच नाहीत.

आता मोजताय त्यातलं लागतं किती ते बघू. रेडिओ लहरीला १०० मीटर जायला ०.३३ मायक्रोसेकंद लागतात. तुमची मर्यादा त्याच्या ३००० पट आहे. मग प्रत्येक नोडचा विलंब वेगळा मोजायचा कशाला? तुम्हाला जे पाच-दहा मिलिसेकंद दिसतात ते अंतराचे नाहीतच. ते रांगेचे, बॅकऑफचे आणि सॉफ्टवेअरचे आहेत. ते मोजून वजा करत बसू नका, मुळात शिरूच देऊ नका. अ‍ॅप्लिकेशनमध्ये वेळ टिपणं बंद करा आणि एसएफडी (फ्रेमची सुरुवात दाखवणारा बाइट) बाहेर पडण्याच्या किंवा आत येण्याच्या क्षणी रेडिओकडूनच टाइमस्टॅम्प घ्या.

एवढं केलंत की संवादाची गरजच उरत नाही. गेटवेने आपली वेळ घातलेली एक फ्रेम ब्रॉडकास्ट करावी, ६० नोडांनी ती ऐकावी. ब्रॉडकास्टला अ‍ॅक नसतो, त्यामुळे १२० फ्रेमच्या जागी एक येते. सेन्सर नेटवर्कमध्ये एफटीएसपी ही पद्धत २००४ पासून हेच करते: मॅक थरावर (रेडिओला लागून असलेल्या थरावर) टाइमस्टॅम्प, आणि नोडने शेवटच्या काही नोंदींमधून सरळ रेषा बसवून ड्रिफ्ट (घड्याळ किती वेगाने मागे-पुढे सरकतं ते) काढायचा.

आणि ती एक फ्रेमही दर सेकंदाला नको. क्रिस्टल (घड्याळाचा ठोका देणारे स्फटिक) ±२० पीपीएमचे (दहा लाखांत २० भाग चुकणारे) असले तर दोन घड्याळं सेकंदाला फार तर ४० मायक्रोसेकंदांनी फाकतात. १ मिलिसेकंदाची मर्यादा ओलांडायला २५ सेकंद लागतील, तेही काहीच दुरुस्ती न करता. ड्रिफ्ट काढून चूक १ पीपीएमवर आली की हजार सेकंद. अर्थात तिथपर्यंत ताणू नका. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल तापमानाला फार हळवा असतो: २५ अंशांपासून जितके अंश दूर, त्याच्या वर्गाला साधारण ०.०३५ ने गुणा, तितके पीपीएम तो मागे पडतो. ४५ अंशांवर हे १४ पीपीएम होतात. म्हणून ठरावीक अंतरापेक्षा एनटीपीसारखं (इंटरनेटवर घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीसारखं) करा. तिथे सर्वसाधारणपणे ६४ सेकंदांपासून सुरुवात होते आणि घड्याळ स्थिर असेल तसं अंतर दुप्पट होत १०२४ पर्यंत जातं. नोडने प्रत्येक बीकनच्या (गेटवेच्या त्या ब्रॉडकास्ट फ्रेमच्या) वेळी आपला अंदाज किती चुकला ते बघावं आणि ती चूक डेटा फ्रेममधून कळवावी. अर्ध्या मर्यादेच्या वर गेली की गेटवेने अंतर निम्मं करावं.

उद्या खरंच दुहेरी (जाण्या-येण्याचं) मोजमाप लागलं, तरी वेगळी फ्रेम नकोच. बीकन गेटवेवरून टी१ ला सुटला, नोडवर टी२ ला पोचला. नोडची नेहमीची डेटा फ्रेम टी३ ला निघाली, गेटवेवर टी४ ला आली. नोडने फक्त टी३ वजा टी२ पाठवायचं. ४ बाइटमध्ये मायक्रोसेकंदाच्या मापाने ७१ मिनिटं मावतात. विलंब म्हणजे (टी४ − टी१) मधून (टी३ − टी२) वजा करून त्याचं निम्मं. यात एक खाच आहे. बीकन आणि डेटा यांच्यात १० सेकंद गेले आणि ड्रिफ्ट ४० पीपीएम असला, तर विलंबात २०० मायक्रोसेकंदांची चूक नुसती तिथूनच येते. म्हणजे आधी ड्रिफ्टची दुरुस्ती, मग वजाबाकी.

निघत्या फ्रेममध्येच तिचा स्वतःचा टी३ लिहिणं बऱ्याच रेडिओंना जमत नाही. पीटीपीमध्ये (नेटवर्कवर घड्याळं अचूक जुळवण्याच्या मानकात) त्यासाठी फॉलो-अपचा वेगळा मेसेज असतो. इथे तो पाठवू नका, मागच्या फ्रेमचा आकडा पुढच्या फ्रेममध्ये घाला. वाय-फायचं एफटीएमही (अंतर मोजण्याची सोय) असंच करतं: आधीच्या मोजमापाचे टाइमस्टॅम्प पुढच्या फ्रेममधून जातात.

यूडब्ल्यूबीवर (अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओवर) अंतर मोजणाऱ्यांचं गणित मात्र निराळं. तिथे १ नॅनोसेकंद म्हणजे ३० सेंटीमीटर, त्यामुळे संवाद टळत नाही. तरी प्रत्येक अँकरशी (जागेवर बसवलेल्या उपकरणाशी) वेगळे तीन मेसेज करण्याऐवजी टॅगने (हलत्या उपकरणाने) एक पोल (सुरुवातीचा मेसेज) आणि एक फायनल (शेवटचा मेसेज) सगळ्यांना मिळून पाठवला, तर ८ अँकरना २४ ऐवजी, त्यांची ८ उत्तरं धरून, १० मेसेज पुरतात.

शेवटी एक सूचना, कारण बदल केल्यावर पहिली तक्रार इथूनच येईल: बीकन ऐकताच सगळे नोड लगेच डेटा पाठवू लागले, तर ६० जण एकदम चॅनेलवर तुटून पडतील. नोड क्रमांकावरून प्रत्येकाला वेगळा स्लॉट (पाठवायची ठरलेली वेळ) द्या. घड्याळं आता जुळलेलीच आहेत.