तलवारींचा राजा म्हणजे पोलीसच का?

प्रश्न : ताई, मुलीच्या लग्नासाठी टॅरो (भविष्य सांगायचे पत्ते) काढलं तर तलवारींचा राजा आला, म्हणजे जावई पोलीस का? – एक आई, फोंडा

उत्तर : अहो, तलवार दिसली की लगेच पोलीस कशाला? ७८ पत्त्यांत दरबारी माणसं १६च, पेज (सेवक पोरगा), नाइट (घोडेस्वार सरदार), राणी, राजा. तलवारी हा पत्त्यांचा एक गट, त्याचा अर्थ बुद्धी नि शब्द, म्हणून हा राजा वकील, जज नाहीतर सर्जन धरतात, १९०९च्या प्रसिद्ध संचात तर त्याच्या सिंहासनावर फुलपाखरं कोरलीत बघा. नाण्यांच्या गटातला राजा असता तर बँकवाला किंवा म्हापशाच्या बाजारातला दुकानदार म्हटलं असतं. आणि राजा म्हणजे पुरुषच असंही नाही हां, कडक बोलणारी बाईही चालते, होणारी सासूच असेल कदाचित! पण नोकरी पत्त्यांवरून कशाला ठरवताय, सरळ बायोडाटा मागवा ना.