‘पण ताई, शास्त्रात तर स्पष्ट लिहिलंय ना?’

मराठी ख्रिस्ती घरांतून समुपदेशनासाठी येणारे आईवडील मला हा प्रश्न हमखास विचारतात. मुलाने किंवा मुलीने ‘मी समलिंगी आहे’ असं घरी सांगितलेलं असतं आणि यांच्या हातात पाच-सहा वचनं असतात. बहुतेकदा ती कुणीतरी मोबाइलवर पाठवलेली असतात, एकेक ओळ तोडून.

अशा एका आईबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नगर जिल्ह्यातलं घर, आजोबांपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. आई संडेस्कूल शिकवतात, म्हणून मीही त्यांना ‘बाई’च म्हणायचे. मुलगा पंचविशीतला, पुण्यात नोकरीला. नाताळच्या सुट्टीत त्याने आईला सांगितलं आणि तेव्हापासून बाईंचे उपास सुरू झाले, झोप उडाली. प्रार्थनागटातल्या कुणी ‘सुटकेची प्रार्थना’, म्हणजे दुष्टात्मा काढण्याची प्रार्थना, करून घ्या म्हणालं. जाऊबाई म्हणाल्या, लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर. सोलापूरचं एक स्थळही हेरून झालं होतं.

वचनांआधी मी मुलाला एकट्याला भेटले. जिवाला धोका नाही ना, हे पाहिल्याशिवाय मी अशा घरात दुसरा कुठलाही विषय काढत नाही. त्याच्या मनात मरणाचे विचार येऊन गेले होते. तसं पुन्हा वाटलं तर कुणाला फोन करायचा, कुणाकडे जायचं, हे आम्ही लिहून काढलं. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला.

बाईंना मी सांगितलं, हा आजारच नाही, तेव्हा बरं करण्याचा प्रश्न येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, “डॉक्टरांचं झालं. देवाचं काय?”

प्रश्न रास्त होता. मी काही पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. पण या प्रश्नाला बगल दिली तर बाई उपास सोडणार नाहीत, हे दिसत होतं. म्हटलं, “तुमचंच बायबल काढा. सुटी ओळ नको, अख्खा अध्याय वाचू.”

आधी बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती. त्याचा 19वा अध्याय म्हणजे पापामुळे देवाने नष्ट केलेल्या सदोम नगराची गोष्ट. आठव्या ओवीशी, म्हणजे वचनाशी, बाई थांबल्या. तिथे सदोमात राहणारा लोट दारातल्या जमावाला स्वतःच्या दोन मुली देऊ करतो. “हे मी वर्गात गाळते,” त्या म्हणाल्या. गावातले तरुण-म्हातारे झाडून सगळे पुरुष घराला वेढा घालतात, ते परक्या पाहुण्यांवर बळजबरी करायला. हा सामूहिक अत्याचार आहे. शास्ते या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात गिबा गावातही असंच होतं. जमाव आधी पाहुण्या पुरुषाला मागतो, मग त्याच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार करतो आणि ती मरते. त्यावरून स्त्री-पुरुषांचं प्रेमच पाप आहे, असं कुणी शिकवत नाही. यहेज्केल 16:49 मध्ये संदेष्टा सदोमाचा अपराध सांगतो: गर्व, भरलेली पोटं, निवांत सुख, आणि गोरगरिबांना हात न देणं. येशू मत्तय 10 मध्ये सदोमाचं नाव घेतो, तेही शिष्यांना थारा न देणाऱ्या गावांबद्दल बोलताना.

“पण यहेज्केलच्या पन्नासाव्या ओवीत अमंगळ कृत्यांचा उल्लेख आहे की,” बाई म्हणाल्या. संडेस्कूलच्या बाई त्या, सोडतील कशाला! आहे, मी मान्य केलं.

पुरुषाने पुरुषाशी संग करायला मनाई करणारं लेवीय हे पुस्तक मात्र इतकं सोपं नाही. ‘दोन धाग्यांचं कापड घालू नका असंही तिथेच आहे, मग ते पाळता का?’ हा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. मला तो तोकडा वाटतो. कारण अठराव्या अध्यायात जवळच्या नात्यातल्या संबंधांवर बंदी आहे आणि ती आपण आजही मानतो. तिथे पाहायचं ते वेगळं. मिसर (इजिप्त) आणि कनानच्या लोकांसारखं वागू नका, अशी त्या अध्यायाची सुरुवात आहे. आपलं वेगळेपण जपायला धडपडणारा तो समाज, घराणं आणि जमीन बापाकडून मुलाकडे जाणारी. पुरुषाने पुरुषाला स्त्रीच्या जागी वागवणं म्हणजे त्या घडीलाच धक्का. स्त्रियांमधल्या संबंधांबद्दल तिथे अवाक्षर नाही. आणि शिक्षा म्हणाल तर 20:13 मध्ये मृत्युदंड आहे. चार ओव्या आधी आईबापांना शिव्याशाप देणाऱ्यालाही तोच. “मग आमच्या गल्लीत कोण उरेल?” बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

सगळ्यात जास्त वेळ रोमकरांस पत्रात गेला. प्रेषित पौलाने ते इसवी सन 57 च्या सुमारास लिहिलं. त्या रोमन जगात धन्याने गुलामांना, कोवळ्या पोरांनाही, वासनेसाठी वापरणं फारसं कुणाला खटकत नसे. पहिल्या अध्यायात पौल मूर्तिपूजेपासून सुरू करतो आणि वासनेने बेभान होऊन आपल्याच लिंगाच्या माणसांशी ‘निसर्गाविरुद्ध’ संग करणाऱ्यांवर येतो. जन्मभर एकमेकांना सांभाळणारी दोन बरोबरीची माणसं त्याच्या डोळ्यांपुढे होती का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. काही म्हणतात, असती तरी त्याने नकारच दिला असता. बऱ्याच मंडळ्या आजही हेच मानतात आणि ते मी बाईंपासून लपवलं नाही. पण एक गोष्ट वादाची नाही. बायबलची आजची अध्यायवार विभागणी तेराव्या शतकातली आहे. पौलाचं पत्र सलग होतं. आपण पहिला अध्याय संपला की बायबल मिटतो. पौल मात्र हेवा, चहाड्या, आईबापांची अवज्ञा अशी यादी देऊन लगेच वळतो: दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही. सगळा रोख त्या वळणावर आहे.

करिंथकर आणि तीमथ्याच्या पत्रांतल्या पापांच्या याद्यांवर मी फार थांबले नाही. तिथल्या शब्दांच्या अर्थावर पंडितांचंच एकमत नाही.

पुढच्या बैठकीला मुलगाही आला. आईने ‘निसर्गाविरुद्ध’ हा मुद्दा काढला. तो म्हणाला, “आई, पुरुषाने लांब केस ठेवणं अपमानाचं आहे हे निसर्गच शिकवतो, असंही पौल म्हणतो. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. आपल्या हॉलमधल्या चित्रात येशूचे केस बघ.” पोरगा आईच्याच संडेस्कूलमध्ये शिकलेला.

बाईंचं मत पुरतं बदललेलं नाही. हे देवाच्या इच्छेत बसतं असं मला अजून वाटत नाही, असं त्या सरळ सांगतात आणि मी त्यावर वाद घालत नाही. पण मुलगा नरकात जाणार ही भीती ओसरली आहे, उपास सुटले आहेत. सोलापूरचं स्थळ त्यांनी स्वतः परत पाठवलं. “त्या पोरीने काय पाप केलं होतं?” हे त्यांचेच शब्द. सुटकेची प्रार्थनाही रद्द झाली. पाळकांना सांगू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ते मुलाने ठरवायचं, एवढंच मी म्हटलं. वडिलांना अजून काही माहीत नाही. त्यांना कुणी आणि कधी सांगायचं, यावर सध्या आमच्या बैठका चालू आहेत.