काठावर तडफडणारा मासा

प्रश्न: नको असलेला मासा गळाला लागला की माझे सोबती ‘कीड आहे’ म्हणत तो काठावर मरायला टाकतात. हे योग्य आहे का?

उत्तर: अजिबात नाही, आणि मला याची चीड येते. सकरमाउथ कॅटफिश घ्या. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पाळणाऱ्यांनी टाकीतून बाहेर सोडलेला. काठात बिळं करतो, माती ढासळते. जिथला नाही तिथे तो परत पाण्यात सोडू नये, हे खरंच. पण तो हवाही घेऊ शकतो, म्हणून काठावर तासन्‌तास मरत नाही. अंग वाळतं तरी तोंड हलत राहतं. डोक्यावर नेमका, जोरात घाव घाला, लगेच संपवा.

मात्र स्थानिक मासा बेचव किंवा काटेरी आहे म्हणून कीड ठरत नाही. अमेरिकेत अ‍ॅलिगेटर गार हा तिथलाच मोठा मासा असाच उपद्रवी समजून मारला गेला. तिथल्या इलिनॉय राज्यातून तो नाहीसा झाला, आता तिथे त्याची पिल्लं मुद्दाम सोडतात. असा मासा हात ओले करून गळातून सोडवा आणि परत पाण्यात जाऊ द्या.