वाफसा नाही तर खेळ नाही

अगं, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. शाळेचं गवताचं ग्राउंड एकच, त्याची देखभाल तुझ्याकडे, आणि त्यावर गुरुवारी पावसाचा अंदाज, शुक्रवारी संध्याकाळी होमकमिंगची (माजी विद्यार्थी परत येतात त्या सोहळ्याची) अमेरिकन फुटबॉलची गेम, शनिवारी सकाळी मुलींची सॉकर मॅच, सोमवारी मुलांची, दोन्ही कोच तुझ्या मागे लागलेत आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणतोय "तूच ठरव". शेवटी लिहिलंयस "काका, मी कुणाची बाजू घेऊ?" ते वाचून मी फोन ठेवला आणि चहा करायला उठलो, नाहीतर काहीतरी वाकडं लिहून बसलो असतो.

बाजू कुणाचीच घ्यायची नाहीये. तू राहुरीला बीएस्सी अ‍ॅग्री केलेली, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी, वाफसा म्हणजे पावसानंतर माती औत घालण्याजोगी निथळणं, हे मी तुला सांगायचं का? ओल्या रानात कुणी औत घातलं असतं तर तुझ्या आजोबांनी काय केलं असतं? इथे मात्र पाऊस थांबून दोन तास झाले नाहीत तोवर शंभर-सव्वाशे किलोची पोरं लोखंडी नांगरासारखी त्याच जमिनीत पाय रोवून एकमेकांना ढकलणार, आणि तू विचारतेस बाजू कुणाची. जमिनीची घे. वाफसा नाही तर खेळ नाही, एवढं एकच वाक्य पाठ कर, बाकी सगळं त्यातनंच निघतं.

आपला हा ओहायोतल्या टोलेडोच्या बाजूचा पट्टा म्हणजे जुन्या ग्रेट ब्लॅक स्वॅम्पची चिकणमाती, दलदल उपसून आणि जमिनीखाली पाणी काढणारे पाइप, म्हणजे टाइल ड्रेन, टाकून माणसांनी राहण्यालायक केलेली. ही माती कोरडी असेल तर फुटबॉलच्या चार गेम निमूट सोसते, पण ओली असताना क्लीट्स, म्हणजे बुटांचे खिळे, त्यात फिरले की मातीतल्या मोठ्या पोकळ्या मिटतात आणि वरचा थर मळलेल्या कणकेसारखा गुळगुळीत होऊन बसतो. एकदा तसं झालं की पुढचा पाऊस मुरत नाही, पाणी वरच साचतं, म्हणजे पुढची गेमही ओल्यातच, आणि त्या गेमनं अजून दाबलं जातं. लोकांना वाटतं गवत पायांनी मरतं. पायांनी पातं फाटतं, ते परत येतं. मरतं ते खाली हवा नाही म्हणून.

आणि नेमकं कुठे मरतं ते बघ. हायस्कूल फुटबॉलमधे ग्राउंडच्या मधोमध लांबीला आखलेल्या खुणांच्या दोन रांगा असतात, त्या हॅश मार्कांमधलं अंतर 53 फूट 4 इंच, म्हणजे 160 फूट रुंदीचे बरोबर तीन भाग, आणि प्रत्येक प्ले, म्हणजे डाव, सुरू होतो तो त्या मधल्या भागात किंवा त्याच्या कडेवर. (एनएफएल या व्यावसायिक लीगमधे हेच अंतर 18 फूट 6 इंच, तिथे तर अजून चिंचोळी पट्टी मार खाते.) आता सॉकरचं सेंटर सर्कल कुठे? मधेच. गोलपोस्टपुढची जागा? त्याच पट्ट्याच्या दोन टोकांना. ओहायोत दोन्ही खेळांचा सीझन एकच, ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे उरावर दोघं एकदमच. तू "अर्धा दोष याचा अर्धा त्याचा" असा हिशोब मांडलायस तो सोडून दे. दोघं एकाच जागी मारतायत आणि कडेचे विंग हिरवेगार आहेत, म्हणून लांबून फोटो छान येतो आणि प्रिन्सिपॉलला वाटतं ग्राउंड मस्त आहे.

सॉकरवाल्या कोचचं उंचवट्याबद्दलचं गाऱ्हाणं तुझ्या कानावर आलंच असेल, की ग्राउंड मधे फूटभर उंच आहे, कॉर्नरवरून बॉल चढावर मारावा लागतो. खरं आहे त्याचं. ऐकून घे, चहा-कॉफी पाज, पण तो उंचवटा काढायला संमती देऊ नकोस. वाळूचं महागडं ग्राउंड बांधायला पैसे नसतील तर आपल्या मातीत पाणी बाजूला काढणारी तीच एक गोष्ट आहे.

2007 चं सांगतो, तेव्हा तू पहिली-दुसरीत असशील. लंडनचं नवं वेम्बली, 28 ऑक्टोबर, पावसात जायंट्स आणि डॉल्फिन्सची एनएफएल गेम. 24 दिवसांनी, 21 नोव्हेंबरला, त्याच गवतावर इंग्लंड-क्रोएशिया, परत पाऊस. इंग्लंडला युरो स्पर्धेत जायला नुसता ड्रॉ पुरत होता, हरले 3-2, दुसऱ्या दिवशी मॅनेजरची नोकरी गेली. सगळं खापर ग्राउंडवर फोडू नये, गोलकीपरच्या हातनं पहिलाच गोल सुटला होता, पण टीव्हीवर ते ग्राउंड बघून मला कसंतरी झालं होतं. आणि पाचच दिवसांनी इकडे पिट्सबर्गला तेच डॉल्फिन्स स्टीलर्सविरुद्ध. त्या ग्राउंडवर शुक्रवारी शाळांच्या फायनल, शनिवारी कॉलेजची गेम, मग घाईघाईत जुन्यावरच नवीन गवताचा थर अंथरला आणि वरून धो धो पाऊस. पंट केलेला, म्हणजे लाथेनं उंच उडवलेला, बॉल खाली आला तो चिखलात खुंटीसारखा रुतला, उसळलाच नाही! शेवटची 17 सेकंद उरेपर्यंत स्कोअर शून्य-शून्य, मग किकनं मारलेला तीन गुणांचा एक फील्ड गोल, 3-0. लोक अजून गंमत म्हणून ती क्लिप बघतात, मला नाही हसू येत.

हे पैसेवाल्यांचं झालं, ज्यांच्याकडे रातोरात ट्रकभर गवत आणायची सोय असते. आणि तरी जमत नाही. 2018 ला मेक्सिको सिटीच्या अ‍ॅझ्टेका स्टेडियमवर दोन-दोन सॉकर क्लब, वर कॉन्सर्ट, वर पाऊस, शेवटी चीफ्स-रॅम्सची गेम सहा दिवस आधी उचलून लॉस एंजेलिसला नेली. एनएफएल गेम हलवू शकते तर तुझा डायरेक्टर होमकमिंग एक दिवस पुढे ढकलू शकत नाही?

मला माहितीये तो काय म्हणेल. "एका गेमनं काय होतंय." हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलंय की आता राग पण येत नाही. (खोटं, येतो.) ऑक्टोबरच्या पुढे ब्लूग्रासची, म्हणजे आपल्या ग्राउंडवरच्या गवताची, वाढ जवळजवळ थांबते, त्याचे राइझोम (जमिनीखालची आडवी खोडं) पसरून खड्डा भरतात ते ऊब असताना, म्हणजे आत्ता झालेली जखम मे महिन्यापर्यंत तशीच. एका गेमनं हे होतं.

मी एकदा एका शाळेचं ग्राउंड बंद केलं होतं, कुठली ते सोड. सॉकरच्या सीनियर मुलींची घरच्या ग्राउंडवरची शेवटची मॅच होती. आदल्या रात्रभर पाऊस, सकाळी टाच दाबली की बुटाभोवती पाणी. मी नाही म्हटलं. मॅच शेजारच्या शाळेच्या आर्टिफिशियल टर्फवर झाली, पोरींचे आईबाप फुलं आणि फुगे घेऊन तिकडे गेले, आणि तो कोच, ज्याच्या घरी आम्ही थँक्सगिव्हिंगला जेवायला जायचो, तो माझ्याशी परत कधी बोलला नाही. पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला दिलं. मला त्या पोरींचं आजही वाईट वाटतं, कोचचं जास्तच वाटतं. पण नंतर त्याच ग्राउंडवर प्लेऑफची गेम झाली, थंडीत, आणि एकही पोरगा घसरला नाही, त्याबद्दल कुणी फोन केला? कुणी नाही केला. बायको म्हणते तू हट्टी आहेस. आहे. माझं तेव्हा चुकलं असतं तर मी तसं म्हटलं असतं, पण त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर पुढचा चिखल सगळ्यांनी माझ्याच नावावर लिहिला असता, हे तूही लक्षात ठेव, कारण हो म्हणणाऱ्याचं नाव नंतर कुणी विसरत नाही. असो, विषय तुझा आहे.

कोचशी वाद घालू नकोस, त्याला ग्राउंडवर ने. प्रोबनं, म्हणजे माती काढायच्या नळीनं, मधल्या पट्ट्यातनं चार इंचाचा मातीचा तुकडा काढ आणि त्याच्या हातात दे. वर पेंटचा पांढरा पापुद्रा दिसेल, त्याच्याखाली इंचभर घट्ट चकती, आणि मुळं तिथपर्यंत येऊन आडवी वळलेली. मग चार इंचावरची माती मुठीत दाबायला लाव आणि त्या गोळ्याला अंगठा लाव. ठिसूळपणे फुटला तर वाफसा आहे, खेळा. पट्टी निघून लांबत गेली तर नाही. वास घ्यायला सांग, सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवाच शिल्लक नाही. हे असं हातानं बघितलेला कोच सहसा ओरडत नाही, आणि ओरडलाच तर निदान मातीवर ओरडतो.

एरिएशनचं, म्हणजे हवा जायला मातीत भोकं पाडण्याचं, विचारलंयस. तिथेही तेच, वाफसा नाही तर मशीन नाही. ओल्यात मशीनचे दाते (टाइन) घातले तर भोकाच्या भिंती लिंपल्या जातात आणि तू केलेल्या भोकाचा उपयोग शून्य. मोवर पण नाही, चाकं उमटतात. बी टाकायचं असेल तर रायग्रासचं टाक, गेमच्या आधी, खेळणाऱ्यांच्या क्लीट्सनंच ते आत दाबलं जातं, ऊब असली तर आठवड्यात उगवतं, ब्लूग्रासला दोन-तीन आठवडे लागतात तोवर सीझन संपेल. पण ही युक्तीसुद्धा कोरड्यातली आहे बाई, ओल्यात बी चिखलात गाडलं जातं. मधला होमकमिंगचा लोगो पातळ पेंटनं आणि एकदाच मार, थरावर थर दिलेस की पाणी आणि हवा दोन्ही अडतात, आणि शनिवारी सॉकरची पोरं तिथेच किकऑफ करणारेत.

आणि तू मेसेजच्या शेवटी हळूच लिहिलंयस की आर्टिफिशियल टर्फचा कोर्स करू का, तिकडे डोक्याला ताप नाही. कर की, मी कोण अडवणारा. शार्लटच्या स्टेडियममधे सॉकर टीम येणार म्हटल्यावर 2021 ला गवत काढून टर्फ घातलंच त्यांनी, शेड्यूल सुटलं. पण 2026 च्या वर्ल्डकपसाठी फिफानं असल्याच टर्फवाल्या स्टेडियमांत नैसर्गिक गवत घालायला लावलं, आणि त्याचा अभ्यास करायला टेनेसी आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या गवतवाल्यांनाच बोलावलं. 1994 च्या वर्ल्डकपला मिशिगन स्टेटनं पॉन्टिअ‍ॅकच्या बंद छताच्या सिल्व्हरडोममधे षटकोनी ट्रेमधे वाढवलेलं गवत नेऊन मांडलं होतं, तुझ्या घरापासून दोन तासांच्या आत. तुला येतं ते काम कमी लोकांना येतं. ते टाकून तू प्लास्टिकवर ब्रश फिरवत बसणार असशील तर बस.

रागावलो नाहीये. पण एक गोष्ट कुणी बघत नाही ती आत्ताच बघ, मार्चिंग बँड. गेमच्या आदल्या रात्री ती शंभर पोरं रांगेत त्याच त्याच जागी दोन-अडीच तास पाय आपटतात, आणि ते वापरात धरलंच जात नाही. गुरुवारी पाऊस आला तर बँडची प्रॅक्टिस पार्किंग लॉटमधे, हे आज दुपारच्या आत बँड डायरेक्टरला ईमेल कर, त्यांना लॉटवर यार्डलाइन्स (ग्राउंडवरच्या अंतराच्या रेषा) आखून हव्या असतील तर खडूनं तू आखून दे. शेजारच्या शाळेचं टर्फ शनिवारी सकाळी रिकामं आहे का तेही आजच विचार, उद्या विचारलंस तर गेलेलं असेल. फुटबॉलची वॉर्मअप मधल्या पट्ट्यात नाही, टोकाच्या एंडझोनच्या मागे. आणि डायरेक्टरला लेखी दे, की शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी माती बघणार, वाफसा असेल तर गेम शुक्रवारी, नसेल तर शनिवारी संध्याकाळी, तेव्हाही नसेल तर सोमवारी, मग मुलांची सॉकर मॅच बुधवारी. बारा वाजता फोटो पाठव मला, गोळ्याचा, अंगठा लावल्यानंतरचा, आधीचा नको.