भिंतीवरील बुरशीमुळे मुलाचा खोकला वाढतो का?
लातूरकडील जुन्या माळवदाच्या घरात पावसाळाभर भिंतीला बुरशी धरते आणि पाच वर्षांच्या मुलाचा रात्रीचा खोकला थांबत नाही, या दोहोंचा संबंध आपण विचारला आहे. तो असू शकतो. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आत जातात आणि लहान मुलांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असल्याने थोडी सूज आली तरी खोकला किंवा छातीत घरघर सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही ओलसर घरे आणि दमा यांचा संबंध नोंदलेला आहे. डागांवर चुना मारण्याची आपल्याकडील सवय काही दिवसांपुरतीच उपयोगी पडते, कारण ओल आतच राहते. आधी माळवदाची गळती थांबवावी, तोवर मुलाचे अंथरूण त्या भिंतीपासून हलवावे. धाप लागत असल्यास मात्र बालरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.