सहा वर्षं सेल्समध्ये काढली, आता मार्केटिंगमध्ये ज्युनिअर?

“सहा वर्षं बीट केली, म्हणजे ठरलेल्या भागातली दुकानं फिरून माल विकला. आता बावीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह म्हणून बसायचं, म्हणजे सगळं पाण्यातच गेलं ना?”

डोंबिवलीचा हा तरुण खाऊची पाकिटं विकणाऱ्या कंपनीत सेल्स ऑफिसर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) 30 अर्ज केले, एकही फोन नाही. त्याने आम्हाला सीव्ही दाखवला, तेव्हा कारण कळलं: टार्गेट, अचीव्हमेंट, डिस्ट्रिब्युटर. वाचणाऱ्याला त्यात आणखी एक सेल्सवालाच दिसणार.

माल हलावा म्हणून स्वतःच्या डोक्याने काय केलं, असं विचारल्यावर तो सहज बोलून गेला. शाळांजवळच्या दुकानांत 5 रुपयांच्या पाकिटांच्या माळा छतालगत टांगलेल्या असत. त्याने त्या मुलांच्या नजरेसमोर येतील अशा खाली घ्यायला लावल्या. माळा भराभर संपू लागल्या. हेच तर मार्केटिंग! किती दुकानं, आठवड्याला आधी किती माळा आणि नंतर किती, एवढं सीव्हीत सगळ्यात वर गेलं.

गूगलच्या स्किलशॉप या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवरचा अ‍ॅनालिटिक्सचा (वेबसाइटवर कोण येतं, काय बघतं ते मोजण्याचा) कोर्स फुकट आहे, तो करावाच. पण नुसत्या सर्टिफिकेटवर कोणी घेत नाही. त्याच्या कामी आली ती मावशीच्या दिवाळी फराळाची इन्स्टाग्राम जाहिरात. 2,000 रुपये खर्च, 40 जणांची विचारणा, 10 ऑर्डरी; म्हणजे एका ऑर्डरमागे 200 रुपये. मावशीला एका ऑर्डरीत सुटतात 180. प्रत्येक ऑर्डरीमागे 20 रुपयांचा खड्डा! जाहिरात अख्ख्या मुंबईला दिसत होती, बोरिवलीहून मेसेज येत होते आणि डबे पोचवायला होता फक्त मावशीचा मुलगा, तोही डोंबिवलीतच. पुढच्या वेळी पाच किलोमीटरचा घेर ठेवला, तर 1,000 रुपयांत तेवढ्याच ऑर्डरी आल्या. पहिला फसलेला भाग त्याला लपवायचा होता. आम्ही तो मुद्दाम ठेवायला लावला, आणि मुलाखतीत प्रश्न त्यावरच आले.

नोकऱ्या दोन चालून आल्या. अंधेरीची ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ ऑफर लेटरमध्ये इन्सेंटिव्हचे स्लॅब, म्हणजे जेवढी विक्री तेवढा इन्सेंटिव्ह असे टप्पे, दाखवत होती. असं दिसलं की समजावं, काम बहुधा विक्रीचंच आहे. मुंबईत या पदनामाखाली हे सर्रास चालतं. जाहिरातीचं बजेट कोण सांभाळतं आणि माझ्यावर विक्रीचा आकडा असेल का, हे दोन प्रश्न आधीच विचारावेत.

लोअर परळची दुसरी ट्रेड मार्केटिंगमधली. दुकानातली मांडणी, दुकानदारांच्या स्कीम. इथे बीटचा अनुभव थेट लागतो. हातात 36,000. जुन्या नोकरीत 38,000 अधिक इन्सेंटिव्ह. तो दिवाळीच्या महिन्याचा इन्सेंटिव्ह धरून हबकला होता. बारा महिन्यांची सरासरी निघाली 6,000. पेट्रोल भत्ता उत्पन्नात धरायचा नाही, तो खर्चातच जातो. फरक महिना 8,000. सहा महिन्यांचे 48,000 बाजूला पडले, तेव्हाच त्याने राजीनामा दिला.

नवा मॅनेजर त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आहे. तरी हा त्याला ‘सर’ म्हणतो; पहिला आठवडा जड गेला.