तबला ऐकणाऱ्याने जॅझ पियानोचा कोणता अल्बम आधी ऐकावा? क्वार्टेट (चौघांचा संच) आणि स्वतःच्या रचना असलेला हवा.

डोळे झाकून डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ घ्या. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालाय. पियानोवर ब्रुबेक, अल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बासवर यूजीन राइट, ड्रम्सवर जो मोरेलो. सातही रचना घरच्याच. त्यातल्या सहा ब्रुबेकच्या, आणि गंमत म्हणजे जगभर गाजलेली ‘टेक फाइव्ह’ तेवढी डेझमंडची.

तुम्ही लिहिलंय की तबला सोलो तासन्‌तास ऐकता, पण जॅझमध्ये सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नाही. मग ‘टेक फाइव्ह’च आधी लावा. पाच मात्रा, ३+२. पियानोचा एक छोटासा तुकडा सुरुवातीपासून फिरत राहतो. साधारण दोन मिनिटांनी सॅक्सोफोन थांबतो, ड्रम्सचा सोलो सुरू होतो आणि मागे पियानोचं तेच चालू. अहो, हा सरळसरळ लेहरा आहे, तबला सोलोमागे फिरत राहणारी धून! मोरेलो मध्येच जागा मोकळ्या सोडतो, भलतीकडेच ठोका टाकतो. तुम्ही कान पियानोवर ठेवा, सम कुठे जात नाही. ब्रुबेक इथे स्वतः सोलो घेतच नाही. ज्याच्या नावावर अल्बम, तोच लेहरा धरून बसलाय.

मग ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’. नऊ मात्रा: तीन वेळा २+२+२+३ आणि चौथ्यांदा ३+३+३. सोलो आले की मंडळी साध्या चार मात्रांत उतरतात, ती मला जरा पळवाट वाटते. असो.

नुसता पियानो हवा तर ‘स्ट्रेंज मेडो लार्क’. सुरुवातीला बराच वेळ ब्रुबेक एकटाच, ठेका नाही. आलाप म्हणायचा मोह होईल, पण रागाची बढत, म्हणजे हळूहळू होणारा विस्तार, शोधू नका. इथे मजा कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे) रंग पालटण्यात आहे.

१९५८ साली ब्रुबेक मुंबईत आला होता, उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवूनही गेला. त्यावरून ‘हे तालाचं वेड आपल्याकडूनच गेलं’ असं कोणी ठोकून दिलं तर मान डोलवू नका. ‘ब्लू रोंडो’ची लय त्याने त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून उचलली.

आणि विरार लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकू नका. खडखडाटात राइटचा बास पार बुडतो आणि नवख्याला मात्रा धरायला त्याचाच आधार.

आवडला तर १९६१चा ‘टाइम फर्दर आउट’ आहेच. त्यातल्या ‘अनस्क्वेअर डान्स’मध्ये सात मात्रा आहेत, टाळ्यांसकट, फक्त आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाची खाली (टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा) शोधत बसू नका.